दोन तासांनी एक वाटी

तीव्र कुपोषण ओळखायला मोठी साधने लागत नाहीत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, उंचीच्या मानाने वजन फारच कमी असले किंवा दोन्ही पावलांवर सूज असली, की ते मूल ‘सॅम’ म्हणजे तीव्र कुपोषित गटात मोडते. यात सूज फसवी. अंगात साठलेल्या पाण्याने मूल बाळसेदार दिसते, काट्यावरही बरे भरते. पावलावर अंगठा काही क्षण दाबून धरावा. खळगा तसाच राहिला तर ती सूजच.

भूक शाबूत असलेल्या आणि दुसरा आजार नसलेल्या मुलावर गावातच उपचार होतात. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, हे काम अंगणवाडीतले ग्राम बाल विकास केंद्र करते. जे मूल खातच नाही, ज्याला ताप, जुलाब, न्यूमोनिया किंवा सूज आहे, त्याला दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते.

तिथले पहिले दिवस आईला पटणे कठीण. मूल उपाशी आणि डॉक्टर पोटभर खायला देऊ देत नाहीत! पण उपासमारीत शरीराने आपला सगळा कारभार आवरता घेतलेला असतो. हृदय, यकृत, मूत्रपिंडे मंदावतात. पेशींत सोडियम साचते, पोटॅशियम कमी होते. अशा शरीरावर एकदम अन्नाचा भार टाकला तर रक्तातले क्षार बिघडून हृदय बंद पडू शकते. म्हणून सुरुवातीला दूध, साखर आणि तेलाचा ‘एफ-७५’ हा पातळ आहार देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिने असतात. तो दर दोन तासांनी पाजायचा, आणि रात्रीची पाळी चुकवायची नाही, कारण साखर उतरणे आणि अंग गार पडणे हे दोन्ही धोके पहाटेच्या सुमारास जास्त. दाखल केलेल्या प्रत्येक मुलाला प्रतिजैविकही दिले जाते; इतक्या अशक्त शरीरात जंतुसंसर्ग असूनही ताप येतोच असे नाही. शिरेतून सलाइन मात्र मूल शॉकमध्ये असेल तरच. चेहरा पांढराफटक दिसला तरी लोहाचे औषध या टप्प्यात देत नाहीत. त्याने संसर्ग बळावू शकतो.

ही शिस्त जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली मार्गदर्शक पुस्तिकेत मांडली. त्याआधी अनेक रुग्णालयांत अशा मुलांपैकी २० ते ३० टक्के दगावत, आणि त्याला चुकीचे उपचारही कारणीभूत असत.

भूक परतली आणि सूज उतरू लागली, की हळूहळू ‘एफ-१००’ हा अधिक कसदार आहार सुरू होतो. सुजलेल्या मुलाचे वजन आधी घटते, तेव्हा आईला नीट समजावणे हा उपचाराचाच भाग. पुढे किलोमागे रोज दहा ग्रॅमपेक्षा जास्त वाढ चांगली मानतात. सहा किलोच्या मुलात साठ ग्रॅम. लोह आता चालते.

पोषण पुनर्वसन केंद्रातला मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा. खरी अडचण इथे येते. घरी दुसरी लेकरे असतात, शेतीची कामे खोळंबतात. आईला बुडीत मजुरी मिळते, पण तेवढ्याने घर चालत नाही, आणि मूल जरा हसू-खेळू लागले की ती निघते. घरी गेल्यावर पंधरवड्याने तपासणीला यायचे असते. नेमकी त्याच काळात बरीच कुटुंबे कामासाठी स्थलांतर करतात, तेव्हा मुलाची नोंद नव्या गावच्या अंगणवाडीत झाली तरच वजनाचा तक्ता पुढे चालतो.