मालवणात पाऊस, पोर्तुगालात ऊन: ऑफ-सीझनमधली सुट्टी कशी आखायची?

आजचा एपिसोड मालवण, तारकर्ली, देवबागच्या होमस्टे, स्कूबा आणि बोटवाल्या घरांतल्या पोरांसाठी. सगळे सुट्टीला आपल्याकडे येतात, पण आपली सुट्टी कधी? मे संपला, बोटी वर ओढल्या, किल्ल्याची फेरी थांबली की. म्हणजे जून ते ऑगस्ट. नेमकं तेव्हाच पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, आल्गार्व्हमध्ये, लख्ख ऊन असतं.

मग अडतं कुठे? व्हिसात. पोर्तुगालला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निकाल साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

आता उलटा हिशोब करू. समजा १५ जूनला निघायचंय. ४५ दिवस मागे गेलात की १ मे. पण एप्रिल-मे म्हणजे घर पाहुण्यांनी भरलेलं, तेव्हा कागद कोण गोळा करणार? म्हणून अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच टाका. यात आणखी एक फायदा आहे. बँक स्टेटमेंट मागच्या काही महिन्यांचं लागतं, आणि तेव्हा त्यात डिसेंबर-जानेवारीची कमाई दिसते. पावसाळ्यात अर्ज केलात तर खातं सुकलेलं दिसेल. धंदा स्वतःचा असेल तर आयकर रिटर्न आणि धंद्याची नोंदणी जोडा. गेस्टकडून रोख घेता ना? ती बँकेत भरत चला. खात्यात न दिसणारी कमाई दाखवणार कशी?

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मुंबईची अपॉइंटमेंट असेल तर कुडाळहून रात्रीची कोकणकन्या बरी. आणि व्हिसा हातात येईपर्यंत नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका. अर्जासाठी रद्द करता येणारं बुकिंग घ्या.

तिकडे गेल्यावर काय? लिस्बनहून फारो ट्रेनने साधारण तीन तास. ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात, त्यामुळे जून बरा. जूनमध्ये तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. पाणी मात्र थंड, भर उन्हाळ्यातही २०-२२ अंशांच्या आसपास. समुद्र अटलांटिक आहे, त्यामुळे लाल बावटा दिसला की उतरायचं नाही. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. पाव, बटाटा, चावी हे शब्द मराठीत आले तेच पोर्तुगीजमधून.

तर आज एकच काम करा. पासपोर्ट काढा आणि संपायची तारीख बघा.