वेड पांघरून गुंतवणूक?

मर्यादित संख्येतील महागड्या मोटारींचा भाव वाढतो, हे खरे. पण कोणाचा, केव्हा आणि कोठे?

१९८३ मध्ये २० हजार रुपयांना घेतलेली एक जुनी मोटार मुंबईतील एका करदात्याने काही वर्षांतच २१ लाख रुपयांना विकली. मोटार होती १९३१ सालची फोर्ड. शंभर पटींहून अधिक वाढलेल्या या किमतीचा हिशेब १९९२-९३ या कर आकारणी वर्षात प्राप्तिकर खात्यापुढे आला आणि तेथून सुरू झालेला वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २०२५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो करदात्याच्या विरोधात. ही मोटार वैयक्तिक वापराची वस्तू असल्याने नफ्यावर कर लागू नये, असे त्याचे म्हणणे होते. मोटार वैयक्तिक वापरास योग्य असणे पुरेसे नाही, ती प्रत्यक्ष तशी वापरली गेल्याचे दाखवावे लागेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण मराठी माणसाला नवी नाही. संग्राहक मोटारींच्या बाजारात ती अगदी चपखल बसते. येथे खरेदीदार घरच्यांना सांगतो की ही गुंतवणूक आहे, आणि कर अधिकाऱ्याला सांगतो की हा निव्वळ छंद आहे. फेरारी, मॅक्लारेन, पोर्शे यांसारख्या कंपन्या ठरावीक संख्येत मोटारी काढतात तेव्हा 'भाव वाढणारच' ही अपेक्षा विक्रीचाच भाग बनते. प्रत्यक्षात गेल्या तीन-चार दशकांचा अनुभव तपासला तर चित्र तितकेसे सरळ दिसत नाही.

दोन प्रतिस्पर्धी, दोन नशिबे

तुलनेसाठी सर्वांत बोलके उदाहरण नव्वदच्या दशकातील दोन ब्रिटिश मोटारींचे आहे. जॅग्वारने १९८८ च्या बर्मिंगहॅम येथील प्रदर्शनात 'एक्सजे २२०' मांडली. बारा सिलिंडरचे इंजिन आणि चारही चाकांना गती देणारी रचना पाहून धनिकांनी ५० हजार पौंड अनामत भरून नावे नोंदविली. मात्र १९९२ मध्ये मोटार हाती येऊ लागली तेव्हा तिच्यात सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन होते आणि गती मागच्याच चाकांना मिळत होती. किंमत ४ लाख ७० हजार पौंडांच्या घरात गेली. दरम्यान ब्रिटनमध्ये मंदी आली होती. अनेकांनी माघार घेतली, प्रकरणे न्यायालयात गेली. अखेर २८० च्या आसपासच मोटारी तयार झाल्या.

त्याच सुमारास गॉर्डन मरे या अभियंत्याने मॅक्लारेनसाठी 'एफ-वन' घडविली. बीएमडब्ल्यूने बनविलेले बारा सिलिंडरचे इंजिन, मध्यभागी चालकाचे आसन आणि सुमारे ५ लाख ४० हजार पौंड किंमत. तिलाही मंदीने सोडले नाही. कंपनीचा इरादा सुमारे ३०० मोटारींचा होता. १९९८ पर्यंत स्पर्धेच्या मोटारी धरून केवळ १०६ बनल्या. मात्र १९९५ मध्ये याच मोटारीने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली आणि १९९८ मध्ये ताशी ३८६ किलोमीटरचा वेग नोंदविला.

पुढे काय झाले? २०२१ मध्ये अमेरिकेतील पेबल बीच येथील लिलावात एक एफ-वन २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला विकली गेली. एक्सजे २२० मात्र आजही मूळ किमतीच्याच आसपास घुटमळताना दिसते. तीस वर्षांतील महागाई लक्षात घेतली, तर तिच्या पहिल्या मालकाच्या पैशाचे मोल निम्म्याहून खाली आले आहे. दोन्ही मोटारी दुर्मिळ, दोन्ही वेगवान, दोन्ही एकाच देशातील आणि जवळपास एकाच किमतीच्या. तरीही एकीने भाग्य उजळले, तर दुसरीने भांडवल अडकवून ठेवले. दुर्मिळता हा भावाचा एक घटक आहे, भावाची हमी नव्हे, हा यातील पहिला धडा.

एफ-वनचा आकडाही जरा उकलून पाहिला पाहिजे. नव्वदच्या दशकातील सुमारे आठ लाख डॉलरचे २०२१ मध्ये दोन कोटींवर डॉलर झाले, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण १२ ते १३ टक्के. हा परतावा उत्तम, पण तो सर्वांत यशस्वी मोटारीच्या गाजलेल्या लिलावाचा आहे. त्यातून विमा, वातानुकूलित जागा, ठरावीक वर्षांनी बदलावी लागणारी इंधनाची टाकी आणि लिलाव संस्थेचे कमिशन वजा व्हायचे असते. शिवाय लिलावातील ती मोटार २० हून अधिक वर्षांत जेमतेम ३९० किलोमीटर धावली होती. बाजाराने सर्वाधिक भाव दिला तो न चालविल्याबद्दल.

'त्रिमूर्ती'चा निकाल

२०१३ च्या सुमारास पुन्हा एकदा अशीच स्पर्धा रंगली. पेट्रोल इंजिनला विजेची जोड देणाऱ्या तीन मोटारी जवळपास एकाच वेळी बाजारात आल्या. फेरारीची 'लाफेरारी' ४९९, मॅक्लारेनची 'पी-वन' ३७५, तर पोर्शेची '९१८ स्पायडर' नावाप्रमाणे ९१८ एवढ्या संख्येत निघाली. मूळ किमती अनुक्रमे दहा लाख युरोंहून अधिक, ८ लाख ६६ हजार पौंड आणि ८ लाख ४५ हजार डॉलर अशा होत्या.

केवळ संख्येवर भाव ठरत असता तर पी-वन आज सर्वांत महाग असायला हवी होती. प्रत्यक्षात लाफेरारीचा भाव इतर दोघींच्या जवळपास दुप्पट राहिला आहे. आणि सर्वाधिक संख्येने निघालेली पोर्शे, मूळ किमतीच्या प्रमाणात पाहता, पी-वनच्या मागे पडलेली नाही. २०१६ मध्ये इटलीतील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी फेरारीने एक जादा, पाचशेवी लाफेरारी बनवून लिलावात काढली. तिला ७० लाख डॉलर मिळाले.

या फरकाची कारणे कंपनीच्या वागणुकीत सापडतात. फेरारीने आपली मोटार निवडक जुन्या ग्राहकांनाच देऊ केली आणि त्या मालिकेतील पुढची मोटार, 'एफ-८०', थेट २०२४ मध्ये जाहीर केली. मॅक्लारेनने मात्र सेना, स्पीडटेल, एल्व्हा अशा मर्यादित आवृत्त्यांची रांग लावली. एल्व्हाची नियोजित संख्या ३९९ वरून १४९ पर्यंत खाली आणावी लागली. २०२१ मध्ये तर कंपनीने आपले वोकिंग येथील मुख्यालय १७ कोटी पौंडांना विकून तेच भाड्याने घेतले. 'मर्यादित आवृत्ती' दर वर्षी निघू लागली की मर्यादा उरते ती नावापुरती. तिन्ही मोटारींपुढे बॅटरीचा प्रश्नही आहे. जुने इंजिन कुशल कारागीर उघडून दुरुस्त करू शकतो. बॅटरी आणि संगणकीय यंत्रणेसाठी मात्र कंपनीवरच अवलंबून राहावे लागते. म्हणून कंपनीचे आर्थिक आरोग्य हा मोटारीच्या भावाचाच एक भाग ठरतो.

त्यातच विकण्याचे स्वातंत्र्यही अनेकदा मालकाकडे नसते. फोर्डने आपली 'जीटी' ही मोटार अर्ज मागवून, ग्राहक निवडून दिली. दोन वर्षे ती विकायची नाही, असा करार होता. अभिनेता आणि कुस्तीपटू जॉन सीना याने ती लगेच विकल्याने २०१७ मध्ये कंपनीने त्याच्यावर दावा लावला. २०१८ मध्ये तडजोड झाली.

भारतीय दारात अडलेली मोटार

आपल्याकडील खरेदीदारापुढे याहून मूलभूत अडचण आहे. भारताच्या आयात नियमांनुसार नवी मोटार उजव्या बाजूच्या सुकाणूची असावी लागते. वापरलेली मोटार आणायची तर तीही उजव्या सुकाणूची आणि तीन वर्षांहून जुनी नसावी. लाफेरारी आणि ९१८ स्पायडर या मुळात डाव्या सुकाणूच्याच मोटारी. ऐंशीच्या दशकातील फेरारी 'एफ-४०' ही दोन्ही अटींत नापास होते. जगाच्या बाजारात ज्यांचे भाव खरोखर वाढले, त्या बहुतेक मोटारी भारतीय ग्राहकाला रीतसर नोंदवून घेताच येत नाहीत. येथील दालनांत मिळतात त्या प्रामुख्याने नियमित उत्पादनातील मोटारी.

दुसरा अडसर कराचा. ४० हजार डॉलरहून महाग मोटारीवर सर्व मिळून ११० टक्के आयात शुल्क लागते. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क १०० वरून ७० टक्के झाले. पण त्यावर ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आल्याने बेरीज तीच राहिली. त्यावर, सप्टेंबर २०२५ पासून, मोठ्या मोटारींना ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे परदेशात १०० रुपयांची मोटार शुल्कासह २१० रुपयांची आणि करासह २९४ रुपयांची होते. महाराष्ट्रातील वाहन कराची कमाल मर्यादाही जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली.

परदेशातील खरेदीदार मोटारीचे १०० रुपयेच पाहतो. वरच्या १९४ रुपयांशी त्याला कर्तव्य नसते. भारतीय मालकाला केवळ मुद्दल वसूल करायला जागतिक भाव जवळपास तिप्पट व्हावा लागतो. देशातल्या देशात विकायचे म्हटले तरी शुल्क उतरण्याचा धोका आहे. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात मोटारींवरील शुल्क ठरावीक कोट्यापुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे. युरोपीय महासंघाबरोबरच्या, जानेवारी २०२६ मध्ये वाटाघाटी पूर्ण झालेल्या करारातही याच दिशेने सवलत आहे. उद्याची नवी मोटार स्वस्त आली, तर कालच्या मोटारीला जुना भाव कोण देणार?

नुसती महागडी मोटार म्हणजे संग्राह्य मोटार नव्हे, याचा दाखलाही मुंबईतच मिळाला. नीरव मोदीच्या जप्त मोटारींचा २०१९ मध्ये सक्तवसुली संचालनालयातर्फे ऑनलाइन लिलाव झाला. त्यात रोल्स-रॉइस घोस्टला बोली आली ती सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांची. नव्या घोस्टच्या किमतीपुढे हा आकडा अगदीच किरकोळ.

नाव आणि इतिहास

मोटारीला वेगळे मोल देते ते तिचे चरित्र. सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये कसोटी शतकांच्या संख्येत सर डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली, तेव्हा फियाट कंपनीने त्याला फेरारी '३६० मोडेना' भेट दिली. सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकरने ती सुपूर्द केली. सुमारे ७५ लाखांच्या या मोटारीवरील १ कोटी १३ लाखांचे शुल्क माफ करण्यावरून २००३ मध्ये वादळ उठले आणि अखेर ते शुल्क फियाटने भरले. २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. ३६० मोडेना ही हजारोंच्या संख्येने निघालेली मोटार, मर्यादित आवृत्ती नव्हे. तरीही भारतात तिच्याइतकी ओळखली जाणारी दुसरी फेरारी सापडणे कठीण. मात्र या मोलाला जागतिक बाजारात गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. ते क्रिकेटवेड्या देशातले मोल आहे.

कराचे कोडे

वैयक्तिक वापराची जंगम वस्तू ही प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नसते. त्यामुळे रोजच्या वापरातील मोटार नफ्यात विकली तरी भांडवली नफ्याचा कर लागत नाही, आणि तोट्यात विकली तर तो तोटा वजाही करता येत नाही. दागिने, चित्रे, शिल्पे यांना ही सूट नाही. परंतु सुरुवातीला उल्लेखिलेल्या निकालाने दाखवून दिले की सूट हवी तर वापर सिद्ध करावा लागेल. येथेच गुंतवणूकदाराची कोंडी होते. मोटार चालविली तर बाजारभाव उतरतो. झाकून ठेवली तर करसवलत हातची जाते.

जुन्या मोटारींबाबत ही कोंडी अधिकच घट्ट आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील मोटारीची 'विंटेज' म्हणून २० हजार रुपये शुल्क भरून दहा वर्षांसाठी नोंदणी करता येते. पण अशी मोटार नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांपुरतीच ती चालवायची असते.

मग हिशेब काय सांगतो?

म्हणीतले पेडगाव बाजूला ठेवू. परभणी जिल्ह्यातही एक पेडगाव आहे आणि तेथील कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब या बाजाराला लावून पाहण्याजोगा आहे. जमीन दर हंगामात काही ना काही देते. सोने काही देत नसले तरी ते तालुक्याच्या गावीही त्याच दिवशीच्या भावाने मोडता येते. मर्यादित आवृत्तीची मोटार यांपैकी काहीच करत नाही. ती उत्पन्न देत नाही, उलट दर वर्षी खर्च मागते. आणि विकायची वेळ येते तेव्हा जगात मोजकेच ग्राहक असतात.

तरीही ज्याला ती घ्यायचीच आहे, त्याने कंपनीने छापलेल्या संख्येपेक्षा चार गोष्टी तपासाव्यात. या मोटारीमागे शर्यतीतील यश किंवा एखाद्या तंत्राचा शेवटचा आविष्कार आहे काय? कंपनी पुढील वीस वर्षे सुटे भाग देईल काय? मोटारीची सेवा-नोंद आणि मालकीची साखळी अखंड आहे काय? आणि भरलेले शुल्क पूर्णपणे बुडाले असे धरूनही खरेदी परवडते काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर ती गुंतवणूक नव्हे. 'होय' असेल, तर तो छंद आहे आणि छंदाची किंमत छंद म्हणूनच मोजलेली बरी. वेड खरे असेल तर त्यात गैर काहीच नाही; ते पांघरलेले असेल, तर मात्र त्याचा हिशेब बाजार आणि प्राप्तिकर खाते असे दोघेही मागतात.