फिरत्या घरातील पांढऱ्याफटक दिव्यांना ऊब कशी द्यावी?

दिवसभर घाटरस्ते तुडवून आलेली कॅम्पर व्हॅन सायंकाळी माडांच्या आडोशाला विसावते. बाहेर तिन्हीसांजेचा सोनेरी उजेड रेंगाळत असतो. आत मात्र दिवा लावताच छताला चिकटवलेली एलईडीची पट्टी असा पांढराफटक झोत टाकते की विसाव्याची जागा इस्पितळातील तपासणीच्या खोलीसारखी भासू लागते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि अशा फिरत्या घरांविषयीचे कुतूहल आपल्या भागातही वाढले. जुन्या व्हॅनमध्ये बिछाना, ओटा आणि दिवे बसवून घेणाऱ्या हौशी प्रवाशांना हा अनुभव नवा नाही. प्रश्न केवळ शोभेचाही नाही. रात्री ज्या दिव्याखाली वाहनचालक विश्रांती घेतो, त्याचा परिणाम त्याच्या झोपेवर होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच पुन्हा गाडी हाकायची असते.

एलईडीचा पांढरा प्रकाश मुळात पांढरा नसतो. आतील सूक्ष्म चिप निळा प्रकाश देते. तिच्यावरील पिवळसर लेप त्यातील काही भागाचे पिवळ्या व तांबूस छटांत रूपांतर करतो आणि या मिश्रणातून डोळ्यांना पांढरा रंग दिसतो. ही निळी एलईडी सिद्ध करणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लेप कमी असेल तर निळा अंश अधिक उरतो व प्रकाश थंड दिसतो. रूपांतरात थोडी ऊर्जा खर्ची पडत असल्याने थंड पांढरा दिवा त्याच विजेत किंचित अधिक उजेड देतो.

प्रकाशाची ही छटा केल्विनमध्ये मोजली जाते. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळे आणि शेवटी पांढरे दिसते, त्याच न्यायाने आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर. समईच्या ज्योतीचा प्रकाश सुमारे १९०० केल्विन, जुन्या तारेच्या बल्बचा २७०० आणि ढगाळ आकाशाचा साधारण ६५०० केल्विन असतो. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी निळ्या प्रकाशाला विशेष संवेदनशील असतात. त्या मेंदूला दिवस असल्याचा संदेश देतात आणि झोपेशी निगडित मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती मंदावते. रात्री दहा वाजता डोक्यापासून हातभर अंतरावर ६५०० केल्विनचा दिवा जळत असेल तर झोप लांबणारच.

अनेकांना वाटते की मंदक, म्हणजे डिमर बसवला की काम झाले. तारेचा बल्ब मंद केला की तांबूस होत असे. साधी एलईडी मात्र मंद होऊनही त्याच छटेची राहते. क्रुइथॉफ या डच शास्त्रज्ञाने १९४१ मध्येच मांडले होते की मंद उजेडात थंड छटा उदास वाटते आणि उबदार छटा सुखद. म्हणून आधी छटा बदलावी, मग तीव्रता.

सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे पट्टी बदलून २७०० केल्विनची घेणे. घेताना सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा, ९० किंवा अधिक असल्याची खात्री करावी. पट्टी काढणे शक्य नसेल तर छायाचित्रणाच्या दिव्यांवर लावतात ती नारिंगी उष्णतारोधक फिल्म उपयोगी पडते. तिच्या मर्यादा मात्र ध्यानात घ्याव्यात. फिल्म निळा अंश गाळते, मुळात नसलेला लाल रंग ती निर्माण करू शकत नाही. उजेड घटतो आणि ताटातील आमटीचा रंगही फिकाच राहतो. दिव्यावर थेट कागद वा कापड गुंडाळण्याचा मोह तर टाळलाच पाहिजे, कारण कोंडलेली उष्णता धोकादायक ठरते.

दुसरा उपाय जागेचा. व्हॅनचे छत बुटके असते, त्यामुळे उघडे दिवे थेट डोळ्यांत खुपतात. पट्टी कपाटाच्या कडेमागे लपवून तिचा रोख लाकडी फळीकडे किंवा फिक्या पिवळ्या पडद्याकडे वळवावा. दुधी आवरण असलेल्या अॅल्युमिनियमच्या पन्हळीत ती बसवली तर ठिपके दिसत नाहीत आणि उष्णताही पसरते. छतावरच्या एका मोठ्या दिव्यापेक्षा ओट्यावर, उशाशी आणि दाराशी वेगवेगळ्या बटणांचे छोटे दिवे बरे. स्वयंपाकापुरता प्रखर उजेड ओट्यावरच ठेवावा.

बॅटरी लवकर उतरेल ही धास्ती अनाठायी आहे. मीटरला ४.८ वॅटची तीन मीटर पट्टी १२ व्होल्टवर सुमारे १.२ अँपिअर घेते. चार तासांत १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील जेमतेम पाच अँपिअर-तास खर्च होतात. खरी काळजी वेगळीच आहे. बॅटरी चार्ज होत असताना दाब १४ व्होल्टच्या वर जातो आणि साधी पट्टी तापते. त्यासाठी व्होल्टेज रेग्युलेटर लावावा आणि बॅटरीच्या धन टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा. स्वस्त डिमरमुळे दिवे लुकलुकतात. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरल्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो डिमर बदललेला बरा.

संपूर्ण गुंडाळी विकत घेण्याआधी मीटरभर तुकडा रात्रीच्या वेळी गाडीत तात्पुरता लावून पाहावा. त्या उजेडात तळहाताचा रंग नेहमीसारखा दिसतो का, पुस्तकाचे पान डोळ्यांना टोचते का आणि अर्ध्या तासाने पापण्या जड होतात का, एवढे तपासले तरी निवड सहसा चुकत नाही.