फळाचा वास, पण फळ आहे का?

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींमध्ये गव्हाची बिअर आता सर्रास मिळते. तिच्यातल्या फळांच्या स्वादाविषयी मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: केळ्याचा वास आला, म्हणजे केळं घातलंय.
वस्तुस्थिती: बव्हेरियाच्या पारंपरिक गव्हाच्या बिअरमध्ये केळंही नसतं आणि लवंगही. तिथलं खास यीस्ट साखर आंबवताना आयसोअमाइल अॅसिटेट तयार करतं. पिकलेल्या केळ्याच्या वासातही मुख्य वाटा याच द्रव्याचा. लवंगेसारखा गंध हीसुद्धा यीस्टचीच करामत. बेल्जियममधल्या होगार्डन या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र संत्र्याची साल आणि धणे खरोखर घालतात. बंद पडलेली ही परंपरा पिएर सेलिस यांनी १९६०च्या दशकात पुन्हा सुरू केली.

गैरसमज: फळाची बिअर गोडच लागणार.
वस्तुस्थिती: ब्रसेल्स परिसरातल्या लॅम्बिक बिअरमध्ये साधारण एकतृतीयांश गहू असतो. तिच्यात आंबट चेरी महिनोन्‌महिने मुरवली की क्रीक तयार होते. चेरीतली साखर यीस्ट फस्त करतं. मागे राहतो रंग, सुवास आणि आंबटपणा. गोड क्रीकही मिळते, पण तो गोडवा बहुधा नंतर घातलेला असतो. बर्लिनची आंबट वाइसबिअर तर अनेकदा रासबेरीचं सरबत ग्लासात ओतून देतात.

गैरसमज: बिअर गढूळ, म्हणजे खराब.
वस्तुस्थिती: न गाळलेल्या बिअरमध्ये गव्हातली प्रथिनं आणि यीस्ट तरंगत असतात, गढूळपणा त्यांचाच. बाटलीच्या तळाशी यीस्ट बसलेलं असेल, तर शेवटचे दोन घोट बाटलीतच घोळवून मग ग्लासात ओतायची रीत आहे.

गैरसमज: ती बर्फासारखी गार हवी आणि वर लिंबाची फोड हवीच.
वस्तुस्थिती: अति गारव्यात वास दबतो. सहा-आठ अंश सेल्सिअस पुरेसं. लिंबाच्या सालीतल्या तेलाने फेस बसतो आणि यीस्टचा नाजूक गंध झाकला जातो. ग्लास काठोकाठ भरू नका. आधी वास घ्या, मग छोटा घोट. फळ नाकाला जाणवतंय की जिभेलाही, हे बघा.

गैरसमज: फळाची आहे, म्हणजे चढणार नाही.
वस्तुस्थिती: बर्लिनच्या वाइसबिअरमध्ये अल्कोहोल साधारण ३ टक्के असतं, पण होगार्डनमध्ये ४.९ टक्के आणि बव्हेरियन बिअरमध्ये पाचाच्या पुढे. आंबटगोड चवीमुळे दुसरा ग्लास कधी संपतो ते कळत नाही. म्हणून लेबलवरचा आकडा आधी वाचा, आणि प्यायला बसणार असाल तर गाडी घरीच ठेवा.