अधिछात्रवृत्ती : संशोधनाचे भांडवल

व्यापारी कुटुंबातील मुलाने किंवा मुलीने पीएच.डी. करण्याची इच्छा दर्शविली की घरातील वडीलधारी मंडळी दोन प्रश्न विचारतात : त्यास किती वर्षे लागतील आणि तोपर्यंतचा खर्च कसा भागेल? हे प्रश्न संकुचित वृत्तीचे नव्हेत. ज्यांनी आयुष्यभर रोजमेळ लिहिला, त्यांना मुदत आणि भांडवल यांचा विचार आधी सुचणे स्वाभाविकच आहे. संशोधनाच्या क्षेत्रात या दोन्ही प्रश्नांचे उत्तर अधिछात्रवृत्तीत, म्हणजेच फेलोशिपमध्ये, सापडते.

संशोधनाला असे पाठबळ मिळाले तर काय घडते, हे वऱ्हाडाने पूर्वीच पाहिले आहे. डॉ. हीरालाल जैन यांनी एम.ए., एलएल.बी. झाल्यावर वकिलीकडे न वळता अलाहाबाद विद्यापीठात संशोधक म्हणून जैन साहित्याचा अभ्यास केला. 1925 मध्ये ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे अध्यापक झाले. कारंजा येथील शास्त्रभांडारांतील अपभ्रंश पोथ्यांची ओळख विद्वानांना करून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1934 मध्ये त्यांनी संपादित केलेले ‘करकंडचरिउ’ कारंजाच्या अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. धवला टीकेसह ‘षट्खंडागमा’चा पहिला खंड 1939 मध्ये अमरावतीहून निघाला, पुढे एकूण 16 खंड झाले. त्यामागे विदिशाच्या शेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांचा निधी होता. विद्वानाची वर्षे आणि श्रावकाचे द्रव्य एकत्र आले, तेव्हा हे श्रुतकार्य तडीस गेले.

आज या कार्याचा प्रमुख आधार म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, अर्थात जेआरएफ. 1 जानेवारी 2023 पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतरच्या मूल्यमापनात काम समाधानकारक ठरल्यास पुढील तीन वर्षे दरमहा 42,000 रुपये मिळतात. पाच वर्षांची बेरीज 24 लाख रुपये होते. नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा. मात्र संशोधकाच्या उपस्थितीची आणि कामाची पुष्टी संस्थेने दरमहा केल्यावरच रक्कम खात्यात जमा होते. म्हणून आरंभी काही महिन्यांच्या खर्चाची तजवीज घरून ठेवणे शहाणपणाचे. या काळात दुसरी पगारी नोकरी करता येत नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

या अधिछात्रवृत्तीची वाट ‘नेट’ परीक्षेतून जाते. ती वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रांत होते. तीन तासांत 150 प्रश्न आणि 300 गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. खुल्या गटातील उमेदवारास पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण आवश्यक आहेत. जेआरएफसाठी वयोमर्यादा 30 वर्षे असून महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. विवाहानंतर शिक्षण थांबलेल्या लेकी-सुनांसाठी ही सवलत मोलाची आहे. वाणिज्य हा विषय परीक्षेत आहेच; त्याशिवाय प्राकृत हा स्वतंत्र विषय आहे आणि बौद्ध, जैन, गांधीवादी व शांतता अभ्यास या नावाचाही एक विषय आहे.

एक जुनी समजूत मात्र दुरुस्त करावयास हवी. 27 जानेवारी 2014 रोजी जैन समाजास राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यावर मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीचा मार्ग खुला झाला होता. ती योजना 2022-23 पासून नव्या उमेदवारांसाठी बंद झाली आहे. तिच्या भरवशावर कोणी थांबू नये.

सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. तेथे संशोधन प्रस्तावाला महत्त्व असते आणि बहुतेक अर्ज तेथेच अडखळतात. ‘तेल्हाऱ्यातील व्यापाराचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. तेल्हारा तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तेथील हरभरा उत्पादक अडत्याकडून उचल केव्हा घेतो, बँकेचे पीककर्ज केव्हा घेतो आणि या दोहोंचा त्याच्या विक्रीच्या वेळेवर काय परिणाम होतो, हा खरा प्रश्न. तो कोणत्या कागदपत्रांवरून व कोणत्या पद्धतीने सोडवणार आणि कोणत्या वर्षी काय पूर्ण करणार, इतके स्पष्ट लिहिता आले की प्रस्तावाला बळ येते. मार्गदर्शक निवडतानाही त्यांचे स्वतःचे काम त्याच विषयात आहे काय, हे आधी पाहावे.

व्यापारी घरातील विद्यार्थ्याजवळ एक साधन असते, जे इतरांना सहजी मिळत नाही : आजोबा-पणजोबांच्या खतावण्या. कोणत्या वर्षी कापसाचा भाव काय होता, उधारी किती होती, दुष्काळात वसुली कशी झाली, हे त्यांत नोंदलेले असते. दिवाळीच्या साफसफाईत अशा वह्या रद्दीत जातात. त्या जपून ठेवणे आणि हंगामात मुलाला दुकानावर बोलाविण्याचा मोह आवरणे, एवढे कुटुंबाने केले तरी पुरे. आपल्या परंपरेत शास्त्रदान हे चार दानांपैकी एक मानले आहे. अभ्यासकाला दिलेला निर्वेध वेळ हाही त्याच दानाचा भाग होय.