हातांच्या भाषेलाही व्याकरण असते

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शिवणकाम करणाऱ्या एक बाई गुडघेदुखीसाठी माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हते. मी तपासून गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिले, ‘जेवल्याशिवाय गोळी घेऊ नये.’ त्यांनी चिठ्ठी वाचली, मान डोलावली. मी समाधानाने पुढच्या रुग्णाला बोलावले.

चौथ्या दिवशी त्यांची नणंद त्यांना घेऊन आली. ‘‘डॉक्टर, वहिनीने सगळ्या गोळ्या उपाशीपोटीच घेतल्या हो. कालपासून पोटात नुसती आग पडलीय.’’

चूक माझी होती. ‘जेवल्याशिवाय’ आणि ‘नये’ असे दोन नकार मी एका वाक्यात घातले होते. बाईंना ‘जेवल्याशिवाय गोळी’ एवढे उमगले आणि शेवटचे ‘नये’ निसटले. बाई चांगल्या हुशार. पण मराठी त्यांच्या कानावर कधी पडलीच नव्हती. आपल्याला ती ऐकून येते. त्यांनी ती पुस्तकातून, परक्या भाषेसारखी शिकलेली. त्यांची खरी भाषा हातांची, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा. ती शिकायचे मी त्या दिवशी ठरवले.

सुरुवातीला वाटले, यात अवघड ते काय? एक सचित्र पुस्तिका मिळवली आणि ताप, खोकला, पोट, गोळी अशा दोनेकशे खुणा पाठ केल्या. रविवारी एका कर्णबधिर शिक्षकांच्या वर्गाला जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी ऐटीत एक वाक्य करून दाखवले. सरांनी ते शांतपणे पाहिले, हसले आणि फळ्यावर लिहिले, ‘शब्द बरोबर. भाषा चूक.’

माझे बालपण मराठीत गेले आणि वैद्यकीचे शिक्षण इंग्रजीत झाले. दोन्ही भाषा तोंडाने बोलायच्या. दोन्हींत एका शब्दामागून दुसरा शब्द येतो, जणू माळेतले मणी. मी तीच माळ हातांनी ओवत होतो. सांकेतिक भाषेची वीण निराळी आहे, हे हळूहळू कळत गेले.

प्रश्नाचेच पाहा. इंग्रजीत ‘कुठे’, ‘केव्हा’ हे शब्द वाक्याच्या आरंभी येतात. मराठीत ते बहुधा मध्ये असतात. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाची खूण शेवटी येते. ‘तुम्हाला कुठे दुखते?’ हे ‘तुम्ही – दुखणे – कुठे’ असे होते. नकारही शेवटी येतो. इंग्रजीची सवय असलेल्याला तो जड जातो. आपल्याला मात्र ‘मी जात नाही’ या वळणामुळे सोपा वाटतो. परंतु ‘ला’, ‘ने’, ‘शी’ हे आपले प्रत्यय तिथे नाहीत, आणि ‘आहे’साठीही बहुधा वेगळी खूण लागत नाही. मग कोणी कोणाला काय दिले, हे कसे कळायचे? तर हाताच्या दिशेवरून. ‘देणे’ ही खूण माझ्याकडून तुमच्याकडे नेली, की ‘मी तुम्हाला देतो’ झाले. तुमच्याकडून माझ्याकडे आणली, की ‘तुम्ही मला देता’. गोष्ट सांगताना सासूबाईंना उजव्या हाताला ‘बसवले’, नवऱ्याला डाव्या हाताला, की पुढे त्या त्या जागेकडे बोट दाखवले तरी पुरते. आपण जे काम प्रत्ययांकडून करून घेतो, ते तिथे मोकळी जागा करते.

मला सर्वांत अवघड गेला तो चेहरा. रुग्णासमोर डॉक्टरने चेहरा शांत ठेवावा, हे आमच्या अंगवळणी पडलेले. सांकेतिक भाषेत चेहरा हा व्याकरणाचाच भाग आहे. ‘तुम्ही – मधुमेह’ या खुणा करताना भुवया उंचावल्या, डोळे मोठे केले आणि मान थोडी पुढे झुकवली, तर ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ असा प्रश्न होतो. तेच हात, पण चेहरा स्थिर, तर ‘तुम्हाला मधुमेह आहे’ हे विधान झाले. एका गृहस्थांना मी निर्विकार चेहऱ्याने हा प्रश्न विचारला आणि ते पांढरेफटक पडले! त्यांना वाटले, मी निदानच सांगितले. त्यानंतर मी आरशासमोर उभा राहून भुवयांचा सराव करू लागलो. घरच्यांची चांगलीच करमणूक झाली.

‘खाणाखुणांना कसले आले व्याकरण?’ असे शिकलेली माणसेही म्हणतात. शंभर वर्षे जगातले शिक्षणतज्ज्ञही तसेच मानत होते. १८८० साली इटलीतील मिलान शहरी भरलेल्या परिषदेत कर्णबधिर मुलांना बोलणेच शिकवावे, खुणा नकोत, असा ठराव झाला आणि अनेक देशांच्या शाळांतून हातांची भाषा हद्दपार झाली. पुढे विल्यम स्टोकी हे इंग्रजीचे प्राध्यापक अमेरिकेत वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात शिकवायला गेले. ते स्वतः ऐकणारे, इंग्रजीत वाढलेले. विद्यार्थ्यांच्या खुणा म्हणजे मोडके इंग्रजी नव्हे, तिची रचना स्वतंत्र आहे, असे त्यांनी १९६० साली प्रबंध लिहून दाखवून दिले.

मेंदूनेही याला साक्ष दिली. अर्सुला बेलुगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघात झालेल्या कर्णबधिर रुग्णांचा अभ्यास करून १९८७ साली तो प्रसिद्ध केला. मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झालेल्यांची सांकेतिक भाषा बिघडली होती, जशी आपली वाचा जाते तशी. हात हलत होते, पण भाषा मोडली होती. भाषा जिभेने बोला वा हातांनी, मेंदू तिला भाषा म्हणूनच सांभाळतो.

म्हणूनच आईवडिलांना हे कळकळीचे सांगणे. ‘खुणा शिकवल्या तर पोर बोलायचेच नाही’ ही भीती निराधार आहे. मुलाच्या मेंदूला पहिल्या काही वर्षांत एखादी पुरी भाषा मिळणे फार गरजेचे असते. ती मिळाली नाही, तर पुढे वाचन, गणित, मैत्री, सगळेच मागे पडते. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट, वाचाउपचार हे जरूर करावे. त्यांच्या जोडीला हातांची भाषाही द्यावी, आणि ती घरातल्या सर्वांनी शिकावी. बाळाच्या कानांची चाचणी पहिल्या महिन्यातच व्हावी, शंका असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावा, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. ‘बोलेल उशिरा, याचे वडीलही उशिराच बोलले’ असे म्हणत वर्षे घालवू नयेत.

मार्गदर्शनासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तयार केलेला शब्दकोश चित्रफितींच्या रूपात मोबाइलवर विनामूल्य पाहता येतो. परंतु खुणा गावोगावी थोड्या बदलतात आणि व्याकरण नुसत्या शब्दकोशातून येत नाही. ते कर्णबधिर माणसांत बसूनच शिकावे.

दवाखान्यात कर्णबधिर व्यक्तीला नेताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर उजेड असावा आणि बोलताना त्यांनी रुग्णाकडे पाहावे, सोबतच्या नातेवाइकाकडे नव्हे. दुभाषी मोठा माणूस असावा. लहान मुलावर हे ओझे टाकू नये. चिठ्ठी लिहायचीच तर वाक्य छोटे, सरळ आणि एकाच सूचनेचे असावे. आणि मान डोलावली म्हणजे समजले, असे कधीही धरू नये. गोळी कशी घेणार, हे रुग्णालाच करून दाखवायला सांगावे.

त्या शिवणकामवाल्या बाई अजूनही येतात. आता मी त्यांना चिठ्ठी देत नाही. ‘जेवण’ ही खूण करतो, मग ‘झाले’, मग ‘गोळी’. त्या तीच वाक्ये मला परत करून दाखवतात. मागच्या खेपेस माझी ‘झाले’ची खूण जरा ढिली पडली, तर त्यांनी माझा हात धरून ती दुरुस्त केली. मी पुन्हा करून दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली.