हिरव्या दिव्याची साक्ष

मनगटावर घड्याळ बांधले की हृदयाची सारी हकिकत कळते, असा समज हल्ली फार पसरला आहे. नाते गावातून महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा एक तरुण मध्यंतरी आमच्याकडे आला. घड्याळाने त्याला ‘ताण जास्त’ असा शेरा दिला होता. त्याला काळजी प्रकृतीची नव्हती. ‘साहेब, उद्या कंपनीनेच असले घड्याळ बांधायला लावले आणि आकडा बघून घरी बसवले तर?’ प्रश्न कायद्याचा खरा, पण त्याचे उत्तर आधी घड्याळाच्या पोटात शोधावे लागते.

निरोगी हृदय कवायतीसारखे ठोके देत नाही. मिनिटाला ६० ठोके म्हणजे दर ठोक्याला नेमका एक सेकंद नव्हे. एक अंतर ९५० मिलिसेकंदांचे, तर पुढचे १०४०. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. हा चढउतार म्हणजे हृदयगतीची परिवर्तनशीलता. ताप, जागरण, दारू यांनी तो बहुधा घटतो, वयानेही घटतो. त्याच्या मोजणीचे निकष युरोप-अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९९६ साली ठरवले, तेव्हा त्यांच्यासमोर ईसीजी होता. ईसीजी हृदयातली वीज टिपतो.

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा वीज टिपत नाही. रक्त हिरवा प्रकाश शोषते. ठोक्यागणिक मनगटात रक्त वाढले की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. तेवढ्यावर यंत्र ठोका मोजते. माणूस झोपलेला किंवा स्वस्थ बसलेला असेल तर हे बऱ्यापैकी जमते. पण झाडू, फावडे, पोती उचलणारा हात? हाताच्या हालचालीने प्रकाशात होणारा फरक नाडीपेक्षा कितीतरी मोठा असतो. एक ठोका निसटला की एक सेकंदाचे अंतर दोन सेकंदांचे होते, आणि नेहमीच्या हिशेबात लागोपाठच्या अंतरांतील फरकाचा वर्ग करतात. म्हणजे एक चूक साऱ्या आकड्याला नासवते. पट्टा सैल, हात गार, मनगटावर गोंदण, इतकेही पुरते. आमच्या आयाबायांच्या मनगटावरचे हिरवे गोंदण कारखानदाराने कधी हिशेबात धरले असेल काय?

कातडीच्या रंगाचाही प्रश्न आहे. मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषते. त्यामुळे घड्याळाची मोजणी किती बिघडते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मात्र बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा अनुभव बोलका आहे. त्याचा प्रकाश वेगळा, लाल व अवरक्त. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तातला प्राणवायू धोकादायक उतरला असूनही यंत्राने ‘ठीक’ दाखवल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के आढळले. यंत्राला जात नसते म्हणणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत.

त्या तरुणाची भीती काल्पनिक नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. ती नाडी नव्हे, ठिकाण मोजणारी. तरी आधी कोणाच्या मनगटावर चढली, हे पाहा. ठिकाणानंतर नाडी मोजायला एक दिवाच वाढवावा लागतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र कलम ७ मध्ये नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीविना माहिती वापरण्याची वाट ठेवली आहे. ही वाट फार रुंद आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ संगणकीय नोंदीसोबत प्रमाणपत्र मागते. ते प्रमाणपत्र नोंद यंत्रातून आली असे सांगते. आकडा खरा, असे सांगत नाही. शिवाय खात्यांतर्गत चौकशीत साक्षीचे नियम काटेकोर लागत नाहीत, आणि कामगाराचा बळी बहुधा तिथेच जातो.

म्हणून घड्याळ बांधून घेण्यापूर्वी युनियनने लेखी विचारावे: मोजणी विश्रांतीत होणार की कामात? हालचालीने बिघडलेले ठोके कसे गाळणार? मूळ नोंदी कामगाराला मिळणार काय? एकाचा आकडा २० आणि दुसऱ्याचा ८० असला तरी दोघेही धडधाकट असू शकतात. मग तुलना कोणाशी करणार? घड्याळाने ठोके अनियमित दाखवले तर ईसीजीचा खर्च कंपनीचा, आणि त्या दिवसाचा पगार चालू, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.